मुदत सरल्यावरचा संच

इंग्लंड-अमेरिकेत भ्रमणध्वनीचा संच घेणारा गृहस्थ पूर्वी बहुधा त्याच वेळी एखाद्या दूरसंचार कंपनीशी दीड-दोन वर्षांचा करार करी. संचाची किंमत त्या कराराच्या मासिक देयकात वाटून मिसळलेली असे, आणि मुदत संपत आली की त्याच कंपनीकडे राहून नवा संच घ्यावा की दुसरीचे दार ठोठावावे, हा विचार ठरलेल्या तारखेला त्याच्यापुढे उभा राही. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रसंग या स्वरूपात क्वचितच भेटला. त्याचा संच एका हंगामात घेतला गेला आणि बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या हंगामातच बदलला गेला. मुदत मोजली गेली ती कपाशीच्या वेचणीने, लग्नसराईने, फुटलेल्या काचेने, आणि अलीकडे वित्तकंपनीच्या शेवटच्या हप्त्याने. तरीही मुदत सरल्यावर नवा संच कोणता घ्यावा हा प्रश्न येथे काही कमी गंभीरपणे विचारला जात नाही, आणि तो ज्या क्रमाने विचारला जातो त्या क्रमामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, अशी माझी समजूत आहे. तीच येथे मांडावयाची आहे.

करार, त्याची मुदत आणि मुदतीअंती नव्याने बोलणी हा व्यवहार या मुलखाला अपरिचित नव्हता. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८६४ साली अमरावतीपासून अलग काढून त्याच्या आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला, आणि दीर्घकाळ वणीच्या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका जोडून घेऊन यवतमाळच्या नावाने स्थिरावला. त्या काळी इकडची पुष्कळ जमीन पडीक आणि रानाखाली होती. ती वहितीस यावी म्हणून सरकारने गावेच्या गावे मुदतीच्या इजाऱ्याने दिली, आणि महसुली दप्तरात कित्येक गावांच्या नावांना तो इजारा आजही चिकटून राहिलेला दिसतो. मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार राही तो गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत. पाडवा जवळ आला की सालाचे पैसे किती, धान्य किती, आधीची उचल किती वळती व्हावयाची, याची बोलणी होत, आणि पटले नाही तर सालदार दुसऱ्या घरी जाई. शेत मक्त्याने द्यावयाचे तेही वर्षापुरते. सारांश, मुदत संपण्याचा दिवस हा या समाजात मोकळे होण्याचा आणि पुन्हा बांधले जाण्याचा असा दुहेरी दिवस होता. दूरध्वनी आला तो मात्र या चालीला अगदी विपरीत अशा कारभारातून आला.

त्याआधी तार आली होती, आणि ती कापसासाठी आली होती. १८७० साली लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या लोहमार्गाचे उद्घाटन केले, त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईस येऊन मिळाली, आणि लिव्हरपूलच्या बाजारात रुईला काय भाव फुटला हे वऱ्हाडातल्या अडत्याला आठवड्यांऐवजी तासांच्या हिशेबाने कळू लागले. यवतमाळला आगगाडी पोहोचली ती १९०३ च्या सुमारास, किलिक निक्सन या इंग्रज पेढीने उभारलेल्या मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या मार्गाने. लोक पुढे जिला शकुंतला म्हणू लागले ती हीच गाडी, आणि तिची मालकी एका खाजगी कंपनीकडे राहून तिच्याशी सरकारचा करार स्वातंत्र्यानंतरही चालत राहिला. रूळ, तार आणि जिनिंग असे तीन धागे एकत्र वळले गेल्यामुळे यवतमाळ, दारव्हा ही गावे मुंबईच्या बाजाराशी बांधली गेली. परंतु निरोप पाठविणारा आणि वाचणारा माणूस व्यापारी होता. ज्याच्या शेतात कापूस पिकत होता तो शेतकरी या तारेच्या टोकाला कधी बसला नाही. भाव दुसऱ्याला आधी कळतो आणि आपल्याला मागाहून, हे त्याच्या मनात तेव्हापासून घर करून बसले असावे, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षांनी त्याच्या हातात यंत्र आले तेव्हा त्याने त्याचा पहिला उपयोग भाव विचारण्यासाठी केला, यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तार आणि दूरध्वनी यांचा अधिकार सरकारकडे राखून ठेवला. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात मिळून दूरध्वनी सुमारे ८० हजार होते. त्यांतले जिल्ह्याच्या ठिकाणी असणार ते कचेऱ्यांत, पेढ्यांत, जिनांत, आणि एखाद्या वकील-डॉक्टराच्या घरी. १९४८ साली बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना निघाला आणि काळ्या रंगाचे, जड, फिरत्या तबकडीचे ते यंत्र देशभर पोहोचले. हे यंत्र ग्राहकाचे नसे. ते सरकारचे; ग्राहकाने अनामत भरावी, भाडे भरावे, आणि यंत्र जपून वापरावे. अर्ज केल्यानंतर वर्षे लोटत. मग केव्हातरी खात्याची मागणीपत्रिका, लोकांच्या भाषेत डिमांड नोट, येई, पैसे भरले की लाइनमन खांबावरून तार ओढून आणी, आणि जे यंत्र त्याच्या पिशवीत असे तेच घरात बसे. रंग कोणता, आकार कोणता, कंपनी कोणती, हे विचारण्याची रीतच नव्हती. या व्यवहारात मुदत नव्हती म्हणून मुदतीचा शेवटही नव्हता, आणि शेवट नसल्यामुळे निवडही नव्हती.

बाहेरगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे चढत्या दराचे प्रकार होते. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला त्याहून कितीतरी अधिक, आणि एवढे करूनही नागपूर किंवा मुंबई लागेपर्यंत माणूस टपालकचेरीच्या बाकावर बसून राही. लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये १९६० साली ग्राहकाने स्वतः तबकडी फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात प्रथम सुरू झाली. ती जिल्ह्याजिल्ह्यांत पसरण्यास आणखी बरीच वर्षे गेली. ज्याच्या घरी दूरध्वनी नाही असा गृहस्थ आपल्या पत्रावर शेजाऱ्याचा क्रमांक लिही आणि त्यापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे घाली. शेजारीही घरातले माणूस पाठवून त्याला हाक मारून आणी. एका यंत्रावर साऱ्या आळीचा हक्क असे. या काळाबद्दल हळहळ वाटणारे लोक आहेत, आणि त्या शेजारधर्माचे मोल मी कमी मानीत नाही. परंतु आजारी माणसाची खबर पोहोचविण्यासाठी दुसऱ्याच्या ओसरीवर उभे राहणे हे ज्याच्या वाट्यास आले त्याला त्यातली ओढाताणही ठाऊक आहे.

१९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. तिने तयार केलेले १२८ तारांचे लहान ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज वातानुकूलनावाचून चाले. धूळ, उन्हाळा आणि बेभरवशाची वीज ही ज्या प्रदेशाची नित्याची स्थिती आहे तेथे चालण्यासाठीच ते घडविले गेले होते, आणि तालुक्याच्या, मोठ्या बाजाराच्या गावांपर्यंत दूरध्वनी पोहोचला तो अशा यंत्रांमुळे. त्याच्याच मागोमाग पिवळ्या पाटीचे एस.टी.डी.-पी.सी.ओ. आले. बसस्थानकासमोर, बाजार समितीच्या फाटकाशी, दवाखान्याच्या बाजूला काचेची ती खोकी उभी राहिली. त्यांतली पुष्कळशी अपंग, बेकार तरुण आणि विधवा यांच्या उपजीविकेचे साधन बनली. यवतमाळचा ०७२३२, पुसदचा ०७२३३, वणीचा ०७२३९ हे सांकेतिक क्रमांक मुलांना पाठ झाले. लाल आकडे पळत राहत आणि बोलणारा त्यांच्याकडे डोळे लावून वाक्ये आखडती घेई. रात्री अकरानंतर पाव दर लागे म्हणून पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मुलाशी बोलण्यासाठी बापाने रात्री खोक्यापुढे रांगेत थांबावे, हे त्या दशकातले सर्वसामान्य दृश्य होते. ज्या खेड्यांत तार ओढणे शक्य नव्हते तेथे बिनतारी पद्धतीचे ग्रामदूरध्वनी बसविण्यात आले, पण त्यांतले पुष्कळ नादुरुस्तीतच अधिक राहिले. एकाधिकार कापूस खरेदीचे चुकारे केव्हा निघणार, संकलन केंद्रावर गाड्यांची रांग किती, ही विचारणा या खोक्यांतून होई. १९७२ पासून चाललेल्या त्या योजनेत पैसे एकरकमी हाती न येता टप्प्याटप्प्याने येत असल्यामुळे चौकशीचे कारण वर्षभर टिके.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण केले. महाराष्ट्र परिमंडळाचा परवाना बिर्ला-एटी अँड टी आणि बीपीएल यांच्याकडे गेला. पण त्यांचे मनोरे प्रथम उभे राहिले ते मोठ्या शहरांत आणि हमरस्त्यांवर. सुरुवातीस करावयाच्या फोनलाच नव्हे तर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, आणि मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत जाई. मजुरीच्या हिशेबाने चालणाऱ्या घराला या वस्तूशी काही कर्तव्य नव्हते. २००० च्या ऑक्टोबरात भारत संचार निगम अस्तित्वात आले, २००२ मध्ये त्याची स्वतःची भ्रमणध्वनी सेवा निघाली, आणि १ मे २००३ पासून येणारे फोन विनामूल्य झाले. या एका निर्णयाने जेवढे लोक जोडले गेले तेवढे कोणत्याही यंत्राच्या गुणाने जोडले गेले नसतील. ज्याला फक्त ऐकावयाचे आहे, बोलाविले की जावयाचे आहे, त्याच्या खिशातही संच राहू लागला, आणि एक घंटी वाजवून तोडण्याची, मिस कॉल देण्याची भाषा गावोगाव रुळली.

याच सुमारास पाश्चात्त्य वळणाचा करार प्रथमच आणि जवळजवळ अखेरचाच सर्वसामान्यांच्या दारी आला. रिलायन्स इन्फोकॉमने डिसेंबर २००२ मध्ये आपली सेवा जाहीर केली आणि २००३ च्या पावसाळ्यात 'मान्सून हंगामा' या नावाने ५०१ रुपये भरून संच हातात देण्याची योजना आणली. उरलेली रक्कम मासिक देयकातून फेडावयाची होती. तालुक्यांच्या गावांत या योजनेचा गाजावाजा झाला. ज्यांनी दूरध्वनीसाठी कधी अर्जही केला नव्हता अशांनी तो संच घेतला. परंतु त्या सेवेचे तंत्र निराळे होते: तिच्यातला संच त्याच कंपनीच्या जाळ्यावर चालावयाचा, त्यात दुसरे सिमकार्ड घालता येत नसे, आणि करार मोडला की हातातले यंत्र निरुपयोगी व्हावयाचे. देयक दर महिन्याला येई. कपाशीचा पैसा वर्षातून एकदा येई. या दोन कालगणनांचा मेळ बसणे कठीण होते आणि तो पुष्कळ ठिकाणी बसला नाही; थकबाकी वाढली, संच बंद पडले, आणि देशभर कंपनीलाही हा तोटा सोसावा लागला. हा करार फसल्याने एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की झाली असे मला वाटते, आणि ती पुढच्या सगळ्या निवडीचा पाया ठरली: यंत्र वेगळे असावे आणि कंपनी वेगळी असावी, यंत्र एकदा पैसे मोजून आपले करावे, कंपनीला मात्र दहा-वीस रुपयांच्या रिचार्जपुरतेच बांधून घ्यावे.

त्यानंतरची दहा वर्षे साध्या, बटणांच्या संचाची होती. २००३ मध्ये निघालेल्या नोकिया ११०० ची कीर्ती तर अजून सांगितली जाते. धूळ आत जाऊ नये असा त्याचा कळफलक, हातातून निसटू नये अशी बाजू, आणि डोक्यावर लहानसा दिवा. कृषिपंपाला वीज रात्री मिळणार म्हणून ज्याला मध्यरात्री ओलितावर जावे लागे त्या शेतकऱ्याला दिव्याचा तो ठिपका बोलण्याहून अधिक उपयोगी पडला. २००८ मध्ये मायक्रोमॅक्स या देशी कंपनीने एकदा भारित केल्यावर महिनाभर टिकणारा म्हणून एक्स१आय हा संच काढला. ज्या गावांत भारनियमनाने दिवसाचे बारा-चौदा तास अंधार असे तेथे हा गुण सर्व गुणांचा राजा होता. दोन सिमकार्डांची सोय आली ती तर जणू या जिल्ह्यासाठीच. पैनगंगेच्या काठी, पलीकडे आदिलाबादचा मुलूख असलेल्या पट्ट्यात, कधी इकडचा मनोरा पकडे तर कधी तिकडचा, आणि तिकडचा पकडला की रोमिंगचे पैसे कापले जात. शिवाय गावात एकाची रेंज, शेतात दुसऱ्याची, सासरच्या गावी तिसऱ्याची. मोठ्या आवाजाचे, चार-चार कर्ण्यांचे, टीव्हीची काडी लावलेले चिनी संचही आठवडी बाजारात ढिगाने विकले गेले. त्यांतल्या पुष्कळांना आयएमईआय हा ओळखक्रमांकच नव्हता, आणि १ डिसेंबर २००९ पासून असे संच बंद करण्याचा सरकारी हुकूम झाला तेव्हा अधिकृत केंद्रावर १९९ रुपये देऊन तो क्रमांक घालून घेण्याची पाळी लोकांवर आली.

मुदतीच्या बाबतीत या काळाने एक मोठे वचन दिले आणि मोडले. २००५ च्या अखेरीस एकदाच ९९९ रुपये भरा आणि आजन्म येणारे फोन घ्या, अशा 'लाइफटाइम' योजना निघाल्या. पुष्कळ घरांनी ते पैसे भरले. म्हाताऱ्या आई-बापांच्या संचात हीच सिमकार्डे असत, कारण ते फोन करीत नसत, घेत असत. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांचे रिचार्ज आवश्यक केले, आणि आजन्म म्हणून घेतलेले कार्ड रिचार्जवाचून मुके होऊ लागले. २८ दिवसांच्या त्या महिन्यामुळे वर्षाला १२ नव्हे तर १३ रिचार्जे भरावी लागतात, ही गोष्ट गावच्या दुकानदाराने कधीच ओळखली होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ३० दिवसांची वा दर महिन्याच्या त्याच तारखेची योजना ठेवण्याचे बंधन घातले ते २०२२ साली. या प्रकरणी कंपन्यांचा युक्तिवाद काहीही असो, ज्याच्याकडून आजन्म म्हणून पैसे घेतले त्याला ते वचन पाळून मिळावयास हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे. एका सुधारणेचे श्रेय मात्र मोकळ्या मनाने दिले पाहिजे. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क मिळाला. ज्याचा क्रमांक अडत्याच्या वहीत, बँकेत आणि लेकीच्या सासरी लिहिलेला आहे, त्याला या हक्काची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

स्पर्शपटलाचे संच आले तेव्हा त्यांचे दोन रस्ते झाले. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन भारतात अधिकृतपणे विक्रीस आला तो ३१ हजार रुपयांना. अमेरिकेत तोच दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळतो हे वर्तमानपत्रांत वाचून लोक चकित झाले, पण तेथे उरलेली किंमत करारात दडलेली होती आणि येथे करार नसल्यामुळे ती उघडी पडली होती, एवढाच तो भेद होता. दुसरा रस्ता अँड्रॉइडचा. त्याच्या आरंभीच्या संचांवर देवनागरी अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. मराठी नीट उमटू लागली तेव्हाच तो संच खेड्यात गेला. २०१४ मध्ये शाओमीसारख्या चिनी कंपन्यांनी स्वस्तात भरपूर गुणांचे संच आंतरजालावरच्या दुकानांतून विकण्यास प्रारंभ केला, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन आंतरजालाचा दर एकाएकी कोसळला. त्या दिवसापासून जुने बटणांचे संच एका अर्थाने मुदतबाह्य झाले, कारण नव्या जाळ्यावर ते बोलूच शकत नव्हते. २०१७ मध्ये त्याच कंपनीने १५०० रुपये अनामत घेऊन, ती तीन वर्षांनी परत करण्याच्या बोलीवर, बटणांचाच पण नव्या जाळ्यावर चालणारा संच दिला. म्हणजे अनामत आणि मुदत ही जुनी जोडी पुन्हा घरात आली.

आज यवतमाळच्या दत्त चौकात, वणीत, पुसदला संचांच्या मोठ्या दुकानांत आत शिरले की एका कोपऱ्यात वित्तकंपन्यांचे प्रतिनिधी बसलेले आढळतात. आधार, पॅन, बँकेचे खाते, संचावर आलेला ओटीपी, आणि खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची संमती एवढ्यावर सहा, दहा, बारा महिन्यांच्या हप्त्यांनी संच मिळतो. 'झिरो टक्के' व्याजाच्या पाटीखाली प्रक्रियाशुल्काची ओळ बारीक असते. एप्रिल २०२० पासून संचांवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्के झाला. त्याचाही भार हप्त्यात मिसळतो. हप्ता चुकला तर दुरूनच पडदा कुलूपबंद करणारी प्रणालीही काही सावकारी संस्थांनी संचात घालून ठेवली, आणि ज्याचा व्यवहार, ओळखपत्र, बँक सारे त्या पडद्यामागे आहे त्याच्यावर ती केवढी जबरदस्ती आहे हे सांगावयास नको. वणी पट्ट्यातल्या कोळसाखाणींत नोकरी असलेला कामगार, शिक्षक, पोलीस यांना हे हप्ते सुसह्य असतात, कारण त्यांना पगार तारखेला मिळतो. राळेगाव, कळंब, घाटंजी, केळापूर येथल्या कपाशीवाल्याला मात्र सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू होईपर्यंत हातात पैसा नसतो. आश्विन-कार्तिकात तो रोख घेऊ शकतो, आषाढात हप्ता देऊ शकत नाही. हंगामाला जुळणारे, वर्षातून दोनदा वा एकदाच फेडावयाचे हप्ते कोणी दिले असते तर कितीतरी घरांची ओढाताण वाचली असती. पीककर्ज हंगामाने देता येते, तर संचाचे कर्ज का नाही, या प्रश्नाला मला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

नवा संच ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी ज्याची नोंद गाव नमुना बारामध्ये करी ते पीक आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, संचातल्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढून, उपग्रहाच्या साहाय्याने जागा दाखवून नोंदवावयाचे. ही नोंद नसेल तर अनुदान, विमा, खरेदी या सगळ्यांत अडथळा. कल्पना चांगली आहे. आपल्या पिकाची नोंद आपण करणे हा अधिकारच आहे. पण तिच्यासाठी लागणारा संच कोणी घ्यावयाचा, याची तरतूद शासननिर्णयात नाही. साठवण भरलेला, जागा चुकीची दाखविणारा, नवे ॲप उतरवून न घेणारा पाच वर्षांचा संच त्या क्षणी निकामी ठरतो, आणि झरी-जामणी, मारेगावच्या डोंगराळ भागात, कोलाम आदिवासींच्या पोडांवर म्हणजे वस्त्यांवर, संच नवा असूनही मनोरा नसतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राने सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मनोरा आधी आणि सक्ती मागाहून, असा क्रम राहिला असता तर अधिक बरे झाले असते. मार्च २०२० नंतर शाळा बंद पडल्या तेव्हाही गरज आधी आणि साधन मागाहून, असेच झाले: घरातला एकुलता एक संच सकाळी मुलांकडे, दुपारी बापाकडे.

म्हणून दुकानात येणारा गिऱ्हाईक जो पहिला प्रश्न विचारतो तो जाहिरातीतल्या कुठल्याच गुणाबद्दलचा नसतो. "भाऊ, आमच्या गावाले कोणाचं टावर पकडते?" असे तो विचारतो, आणि मगच यंत्राकडे वळतो. तार कोठवर आली आहे, मनोरा कोठवर दिसतो, हे आधी. मागच्या साऱ्या इतिहासाने त्याला हाच क्रम शिकविला आहे. त्यानंतर बॅटरी. त्यानंतर भर उन्हात पडदा दिसतो का, आवाज किती मोठा आहे, पडल्यावर नवा डिस्प्ले केवढ्याला बसतो आणि तो यवतमाळात मिळतो की नागपूरहून मागवावा लागतो. कॅमेऱ्याच्या आकड्यांत रस असतो तो घरातल्या तरुणांना, आणि त्यांचेही काही चूक नाही. मात्र एक गोष्ट फारच थोडे विचारतात, ती विचारावयास हवी: या संचाला सुरक्षेची सुधारणा किती वर्षे मिळणार? २०२३-२४ पासून काही महागड्या संचांना सात वर्षांचे आश्वासन मिळू लागले आहे. स्वस्त संचांना दोन-चार वर्षांपलीकडे ते क्वचित असते. जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीवर व्हॉट्सॲप चालेनासे झाले. यंत्र धड असूनही मुदत सरते ती अशी, आणि ही मुदत कागदावर कोठेच लिहिलेली नसते.

जुना संच सहसा टाकला जात नाही. बापाचा आईकडे, आईचा शाळकरी मुलाकडे, आणि अगदीच मोडला तर दुरुस्तीच्या दुकानात सुट्या भागांसाठी. वापरलेल्या संचांची खरेदी-विक्रीही जोरात चालते. घेणाऱ्याने *#०६# दाबून ओळखक्रमांक पाहावा आणि मे २०२३ मध्ये देशभर खुल्या झालेल्या संचार साथी या सरकारी व्यवस्थेत तो संच चोरीचा वा अडविलेला नाही याची खात्री करून घ्यावी. दुकानदारांतले चांगले लोक हे स्वतःच करून दाखवितात.

२०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी ठेवली आणि ती १ सप्टेंबरपासून सुरू झाली. नोंदणीचा ओटीपी नोंदविलेल्या क्रमांकावर येतो. त्यामुळे त्या वर्षी कित्येक घरांत नवा संच घेताना आधी ठरले ते हे की कोणाचे सिमकार्ड नव्या संचात जाईल, सातबारा कोणाच्या नावे आहे, आधारला कोणाचा क्रमांक आहे, आणि तो मुलगा पुण्याला कामावर जाताना सोबत घेऊन गेला असेल तर कापूस विकावयाच्या दिवशी त्याच्याकडून सहा आकडे कोणी आणि कसे विचारून घ्यावयाचे.